उत्तर: वॉकर बूट घालून गाडी चालवणे

भाऊ तुम्ही म्हणताय उजव्या पायाला वॉकर बूट (घोटा हलू नये म्हणून प्लास्टरसारखा घालतात तो कडक बूट) आहे पण गाडी ऑटोमॅटिक आहे म्हणून नाशिकात गंगापूर रोडवरून सातपूर एमआयडीसीत ऑफिसला जाऊ का, तर माझ्या मते नकोच. ऑटोमॅटिकचा फायदा डावा पाय प्लास्टरमध्ये असेल तर, कारण क्लच नसतो. उजव्याचं गणितच वेगळं, तो बूट इतका रुंद असतो की ब्रेक दाबायला गेलं की कडा अ‍ॅक्सिलरेटरवर पण चढते, आणि घोटा लॉक असल्यामुळे किती दाबतोय ते कळतच नाही. 50 च्या स्पीडला ब्रेक अर्धा सेकंद उशिरा लागला तरी गाडी 7 मीटर पुढे, चौकात तेवढ्यात दोन रिक्षा आडव्या येतात 😄

वरच्या कमेंटमध्ये कोणीतरी डाव्या पायाने ब्रेक मारा म्हणालंय, ते तर अजिबात करू नका, क्लचची सवय असलेला पाय खाडकन पूर्ण दाबतो.

बूट निघाला म्हणून लगेच चावी घेऊ नका, घोट्याच्या ऑपरेशननंतर ब्रेकिंग नॉर्मलला यायला साधारण 9 आठवडे लागतात, ऑर्थोवाल्यांना विचारूनच. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 186 आहेच, अनफिट असताना चालवलं तर 1000 पर्यंत दंड.

तोवर रिक्षा नाहीतर ऑफिसातल्या कोणाची लिफ्ट, पुढची सीट मागे सरकवून बसा, फक्त पाय डॅशबोर्डवर ठेवू नका, एअरबॅग असते तिथे.