लडाखसाठी जीपीएस: भावाचा जुना मोंटाना ६०० घ्यावा की नवा झूमो एक्सटी२?

मिरज_हिमालयन

नमस्कार मंडळी. जूनच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि माझी नणंद, दोघी दोन मोटरसायकलींवर मनालीहून लेहला जाणार आहोत. परतताना पदुमवरून ‘शिंकू ला’ ही खिंड ओलांडून दारच्याला उतरायचा बेत आहे. माझी २०१९ ची हिमालयन ४११, तिची एक्सपल्स २००. गोवा, हंपी, सगळी कोकणपट्टी आम्ही दोघींनी केलीय, पण नेटवर्क नसलेल्या भागात इतके दिवस कधी राहिलेलो नाही.

आजवर फोनवरच भागवलं. पण गेल्या श्रावणात आंबोलीत फोनने चांगलाच दगा दिला. धुकं इतकं की पुढच्या गाडीचा लाल दिवा तेवढा दिसत होता, वरून पाऊस. पावसाचे थेंब स्क्रीनवर पडले की नकाशा आपोआप सरकायचा, मोठा व्हायचा, लहान व्हायचा. ओल्या हातमोज्याने काही होईना. थांबून मोजा काढून नीट करेपर्यंत आजऱ्याचा फाटा मागे राहिला होता आणि आम्ही बेळगावच्या रस्त्याला लागलो होतो. घाटमाथ्यावर ठीक आहे, कुणालाही विचारता येतं. सर्चूच्या पुढे कुणाला विचारणार?

न्यू जर्सीला माझा मावसभाऊ असतो. त्याच्याकडे गार्मिन कंपनीचा मोंटाना ६०० पडून आहे, म्हणजे उपग्रहांवरून आपली जागा नकाशावर दाखवणारं जीपीएस यंत्र. २०१२ साली ट्रेकिंगसाठी घेतलेला, गेली कित्येक वर्षं कपाटात. मेमध्ये पुतण्याच्या मुंजीला येतोय, तेव्हा फुकट देतो म्हणतो. नाहीतर गार्मिनचाच मोटरसायकलसाठीचा नवा झूमो एक्सटी२ आणतो, पण त्याचे सहाशे डॉलरच्या घरातले पैसे मी द्यायचे. मला ही रक्कम लहान नाही. त्या पैशांत दोघींचे चांगले टायर आणि रेनसूट होतात. तिसरं म्हणजे, ‘मोंटाना ७००आय घे, त्यात सॅटेलाइटवरून एसओएस (मदतीची हाक) जातो, दोघी बायकाच चाललाय’ असंही त्याचं म्हणणं आहे.

इतकं जुनं यंत्र आज उपयोगी पडेल का? भारताचा नकाशा त्यात येईल का? आणि गाडीला जोडणं घरच्या घरी जमेल का? तुमच्या अनुभवातून सांगा.


तारवाला_सातारा

ताई, मी तीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम केलंय आणि २०१२ पासून माझ्या थंडरबर्डच्या हँडलवर हाच मोंटाना ६०० आहे. त्याच्याबरोबर लडाख दोनदा, स्पिती एकदा झालं. त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

आधी मत सांगतो. भावाकडचा मोंटाना घ्या, एक्सटी२ चे पैसे टायरला घाला. पण तो मोंटाना ‘रस्ता दाखवणारा’ म्हणून वापरू नका. घरी बसून आखलेली रेघ दाखवणारा म्हणून वापरा. सगळी मेख इथेच आहे. जुनं यंत्र टाकाऊ म्हणणाऱ्या बहुतेकांनी ते चुकीच्या कामाला जुंपलेलं असतं.

रूट आणि ट्रॅक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रूट म्हणजे तुम्ही दिलेली चार-सहा ठिकाणं. मधला रस्ता यंत्र आपल्या नकाशावरून स्वतः काढतं. ट्रॅक म्हणजे हजारो ठिपक्यांची तयार रेघ, यंत्र त्यात ढवळाढवळ करत नाही. स्पितीत काझाहून मनालीला निघताना मी रूट भरला होता. कुंझुम खिंडीवरून अंतर २०० च्या आतबाहेर. यंत्राने साडेसहाशेच्या वरचा आकडा दाखवला. बघतो तर ते मला उलटं किन्नौर, सिमला करून मनालीला पाठवत होतं! ‘कच्चे रस्ते टाळा’ ही खूण चालू राहिली होती आणि नकाशात ग्राम्फूपर्यंतचा रस्ता कच्चा नोंदलेला. यंत्राचं काही चुकलं नव्हतं. मी त्या दिवसापासून डोंगरात फक्त ट्रॅक वापरतो. गडद गुलाबी रंगाची रेघ ठेवतो, लडाखच्या पिवळट पार्श्वभूमीवर ती लगेच नजरेत भरते.

दुसरं एक सेटिंग आहे, ‘लॉक ऑन रोड’. ते बंद करा. चालू असलं की यंत्र तुमची खूण ओढून जवळच्या रस्त्यावर बसवतं, तुम्ही प्रत्यक्षात रस्त्यावर नसलात तरी. २०१४ ला मोरे प्लेन्सवर रस्त्याचं काम चालू होतं. मैदानात चाकांच्या दहा-बारा वाटा समांतर पसरलेल्या, वर ट्रकांचा धुरळा. मी ज्या वाटेला लागलो ती चांगली मळलेली होती, म्हणून निर्धास्त होतो. पण पडद्यावर माझा बाण रेघेपासून हळूहळू डावीकडे सुटायला लागला. आधी केसाएवढी फट, मग बोटभर. दोन किलोमीटरवर मी थांबलो, मागे फिरलो. ती वाट गुराख्यांच्या तळाकडे जात होती. लॉक चालू असता तर बाण रेघेवर चिकटून राहिला असता आणि मला कळलंच नसतं.

आता यंत्राकडे. ६०० हे २०११ चं मॉडेल. ४ इंची पडदा, रंग फिकट. पण टच दाबाने चालणारा, त्यामुळे जाड मोजा, ओला मोजा, नख, काहीही चालतं. पाऊस पडला म्हणून नकाशा सरकत नाही. तुमचा आंबोलीचा त्रास इथे होणार नाही. भर उन्हात दिसतो. उलट ढगाळ वातावरणात आणि बोगद्यात अंधुक वाटतो, म्हणून गाडीवरून वीज देऊन दिवा पूर्ण ठेवायचा.

यात ग्लोनास (रशियाची उपग्रह यंत्रणा) नाही, फक्त जीपीएस. ते पुढे ६१० आणि ६८० मध्ये आलं. अरुंद दरीत सकाळी चालू केलं की जागा पकडायला वेळ लागतो, बाण वीस-तीस मीटर इकडेतिकडे होतो. पण दरीत रस्ता एकच असतो, त्यामुळे माझं त्यावाचून काही अडलं नाही. चहा पिताना चालू करून ठेवायचं, चहा संपेपर्यंत तयार.

भाऊ यंत्र आणेल तेव्हा तीन गोष्टी बघा. बॅटरी फुगलीय का? मागचं झाकण नीट बसत नसेल तर ती बॅटरी फेकून द्या. हे यंत्र तीन साध्या पेन्सिल सेलवरही चालतं, आणि मला त्याची हीच गोष्ट सगळ्यात आवडते. सर्चूला रात्री पारा शून्याखाली गेला की अल्कलाइन सेल मान टाकतात, म्हणून लिथियमचे सहा सेल घ्या आणि सेटिंगमध्ये सेलचा प्रकार बदला. तारीख बघा. ६ एप्रिल २०१९ ला जीपीएसच्या आठवड्यांचा आकडा १०२३ वरून परत शून्यावर आला, तेव्हा काही जुन्या यंत्रांनी १९९९ साल दाखवायला सुरुवात केली होती. भावाला तिथेच कॉम्प्युटरला लावून सॉफ्टवेअर अद्ययावत करायला सांगा, केबल मिनी-यूएसबी लागते. आणि पाठीमागच्या सोनेरी टिकल्या बघा, गाडीवर यंत्र ज्यात बसतं त्या पाळण्यातून वीज तिथून येते. काळ्या पडल्या असतील तर पेन्सिलच्या खोडरबरने घासा. पॉलिश पेपर लावू नका, मुलामा निघतो.

नकाशा फुकट आहे. ओपनस्ट्रीटमॅपवरून (लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा) गार्मिनसाठी तयार केलेली भारताची आयएमजी फाइल मिळते. ती मेमरी कार्डवर ‘गार्मिन’ फोल्डर करून टाकायची. कार्डाची जागा बॅटरीच्या खाली आहे, बाहेर शोधत बसू नका.

वायरिंग घरी जमेल. भावाला मोटरसायकलचा उघड्या वायरीचा पाळणा आणायला सांगा, कारचा सिगारेट-लायटरवाला नको. पॉझिटिव्ह वायर रिलेमधून (चावीबरोबर चालूबंद होणारा विजेचा स्विच) घ्या, म्हणजे चावी काढली की वीज बंद. २ अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या टोकाजवळ, वितीच्या आत. फ्यूज हँडलजवळ लावलेला पुष्कळ ठिकाणी पाहिलाय. मधे वायर घासून शॉर्ट झाली तर तो फ्यूज काय कामाचा? सांध्यांना डाग (सोल्डर) देऊ नका, क्रिम्प करा, म्हणजे धातूच्या टोपीत पकडीने दाबून बसवा. डाग दिलेली वायर जिथे डाग संपतो तिथेच थरथरीने तुटते. हँडलच्या मानेजवळ वायरीला सैल वळसा ठेवा आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, ताण यायला नको.


घाटमाथा_नाशिक

काकांशी बऱ्याच अंशी सहमत, पण एक्सटीची बाजूही मांडायला हवी. मी २०२० चा झूमो एक्सटी वापरतो, साडेपाच इंची. एक्सटी२ सहा इंची, २०२३ मध्ये आला. पडद्याचा उजेड हा फरक रोज जाणवतो. चाळिशीनंतर जवळचा चष्मा लागला की हेल्मेटमधून ४ इंची पडद्यावरची अक्षरं वाचणं सोपं नाही, हे मी भोगलंय. शिवाय रस्ता चुकला की नवा रस्ता दोन-तीन सेकंदांत येतो. मित्राच्या मोंटानावर लांबचा रूट असला की ते चाक फिरतच बसतं, तोवर पुढचे दोन चौक जातात. वर्षभर अनोळखी शहरांतून जाणं असेल तर नवा घेणं योग्य.

पण नव्यातही खुणा तपासाव्याच लागतात. गुहागरहून दापोलीला जाताना माझा एक्सटी चिपळूण-खेडवरून फिरवत होता. ‘फेरी टाळा’ चालू होतं. ते काढल्यावर धोपाव्याची जेटी दाखवली, दाभोळला उतरलो आणि अर्धा दिवस वाचला.

नव्यातली बॅटरी आतच बंद असते, आपल्याला बदलता येत नाही. काकांच्या सेलच्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

फोन हँडलवर लावणार असाल तर एक सांगतो. इंजिनच्या थरथरीने कॅमेऱ्याचं स्थिरीकरण बिघडू शकतं, असं ॲपलनेच २०२१ मध्ये जाहीर केलं होतं. माझ्या फोनचा कॅमेरा तसाच गेला. लडाखमध्ये फोटोंसाठी कॅमेरा हवा, तेव्हा फोन खिशात बरा.


कित्तूर_रायडर

ताई, ७००आय अजिबात आणू नका. नावात शेवटी ‘आय’ असलेल्या गार्मिनमध्ये इनरीच असतं, ते इरिडियमच्या उपग्रहांवरून संदेश पाठवतं. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय असं यंत्र भारतात बाळगणं गुन्हा आहे. विमानतळावर सामान तपासताना प्रवाशांना अडवून गुन्हे दाखल झालेले आहेत, आणि तुम्ही तर सीमाभागात चाललाय, तिथे चौक्याच चौक्या. भावालाही सांगा, त्याच्या बॅगेत सापडलं तर मुंजीऐवजी पोलीस ठाण्यात बसावं लागेल. ६०० किंवा एक्सटी२ फक्त उपग्रहांचं ऐकतात, पाठवत काही नाहीत, त्यांना अडचण नाही.

आणि दोघींनी पोस्टपेड सिम घ्या. महाराष्ट्रातलं प्रीपेड लडाखमध्ये चालत नाही. निघण्याआधी महिनाभर बदलून ठेवा, ऐनवेळी धावपळ नको.


मिरज_हिमालयन

सगळ्यांचे मनापासून आभार. इनरीचबद्दल आम्हाला काहीच माहीत नव्हतं, भावाला त्याच रात्री फोन केला. तो ६०० घेऊन आला.

बॅटरी खरंच फुगली होती, झाकण एका बाजूने उचललेलं. ती काढून टाकली, तीन सेल घातले. तारीख बरोबर आहे. नकाशा टाकला, कार्डाची जागा काकांनी सांगितली नसती तर संध्याकाळ गेली असती. वायरिंग मी आणि नणंदेने रविवारी अंगणात बसून केलं. टाकी काढली, वायर मूळ वायरिंगच्या सोबतीने नेली, क्रिम्पिंगचा पक्कड शेजारच्या सोलरवाल्याकडून आणला.

काल चाचणीला मिरजेहून आंबोलीला जाऊन आलो. मुद्दाम तोच रस्ता. ट्रॅक घरी आखून टाकला होता. पाऊस नव्हता म्हणून नणंदेने पाण्याची बाटली यंत्रावर ओतली, नकाशा जागचा हलला नाही. आजऱ्याचा फाटा दिसायच्या आधी रेघ वळलेली दिसत होती. मला तिथे काय वाटलं ते शब्दांत सांगता येणार नाही, काका.

अक्षरं लहान आहेत हे नाशिकच्या दादांचं म्हणणं खरं. पण रेघ बघायला अक्षरं लागत नाहीत. तांडीच्या पेट्रोल पंपाची खूण टाकलीय, कारण तिथून पुढे ३६५ किलोमीटर पंप नाही असा फलकच आहे म्हणतात. हिमालयनला पाच-पाच लिटरचे दोन कॅन बांधतोय, एक्सपल्सची टाकी लहान आहे.

एकच शंका. परत येताना खड्ड्यांच्या पट्ट्यात यंत्र दोनदा क्षणभर ‘बाहेरची वीज गेली’ असं दाखवून पुन्हा चालू झालं. सेल असल्यामुळे बंद पडलं नाही. सांधा सैल असेल का?


तारवाला_सातारा

ताई, आधी सांध्याला हात लावू नका. गाडी उभी करा, चावी चालू करा आणि यंत्र पाळण्यात हलकेच वरखाली हलवून बघा. तिथेच वीज जात असेल तर टिकल्यांचा दोष, पुन्हा खोडरबर फिरवा आणि पाळण्यातल्या पिना बोटाने दाबून सगळ्या सारख्या वर येतात का ते बघा. एखादी दबलेली राहते.

तिथे काही नाही मिळालं तर हँडल डावीउजवीकडे वळवा, मग रिलेचा सॉकेट हलवा. दोन्ही ठीक असतील तर शेवटी फ्यूजचा होल्डर उघडा. पात्याचा फ्यूज सैल बसत असेल तर होल्डर बदला, पाती वाकवून घट्ट करू नका. काय सापडलं ते कळवा. आणि फ्यूज चार जास्तीचे घ्या, ते टाकीवरच्या पिशवीत ठेवा, मागच्या सामानात तळाला नको.