अनुभव धागा: ‘ब्लू स्वेड शूज’ (निळे, मऊ चामड्याचे बूट) हे गाणं तुम्ही आधी कोणाच्या आवाजात ऐकलंत?

सुरुवात मी करते. आमच्या घरी रॉक अँड रोल गायक एल्विस प्रेस्लीची एक कॅसेट होती, मामाने दिलेली. कॉलेजात जाईपर्यंत हे गाणं त्याचंच, अशी माझी ठाम समजूत. मग कळलं, लिहिलं आणि आधी गायलं ते कार्ल पर्किन्स या दुसऱ्या अमेरिकन गायकाने. १९ डिसेंबर १९५५ ला मेम्फिसच्या सन स्टुडिओत रेकॉर्ड केलं, जानेवारीत तबकडी बाजारात आली. एल्विसने ते ३० जानेवारी १९५६ ला न्यूयॉर्कला रेकॉर्ड केलं. मूळ गाणं ऐकलं त्या रात्री मी ते सात-आठ वेळा लावलं असेल. तुम्हाला कोणतं आधी भेटलं? सविस्तर लिहा.

– डोंबिवली

गिटार शिकताना सरांनी दोन्ही शेजारी शेजारी लावून ऐकवली. सुरुवातीला आकडे मोजत गातात ना, तिथे पहिल्या ओळीनंतर कार्लच्या बँडचे दोन ठोके पडतात आणि मग पुढची ओळ. एल्विसकडे एकच ठोका, आणि लगेच पुढे. मी महिनाभर एल्विसच्या मोजणीवर कार्लचं वाजवत होतो आणि दरवेळी आधीच घुसत होतो. सर म्हणाले, “हात बाजूला ठेव, पायाने मोज.” पायाने मोजल्यावर जमलं. त्या दोन ठोक्यांत कार्ल जणू दारात उभा राहून आत येऊ का विचारतो. एल्विस दार ढकलूनच येतो. मला कार्लचं थांबणं जास्त आवडतं, आजही.

– पुणे

आमचे पप्पा मडगावला लग्नांत वाजवणाऱ्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. हे गाणं सुरू झालं की म्हातारी माणसंसुद्धा खुर्च्या मागे सारून उठायची. कोणाचं गाणं, हे कधी कोणी विचारलं नाही.

– मडगाव

कामासाठी टेनेसीत आहे, म्हणून मेम्फिसला सन स्टुडिओ बघायला गेलो. खोली एवढीशी, आपल्या चाळीतल्या दोन खोल्या जोडल्यासारखी. तिथे उभं राहिल्यावर कार्लची गोष्ट अंगावर येते. एका नाचात एक पोरगा आपल्या मैत्रिणीला बुटांवर पाय देऊ नकोस म्हणून बजावत होता, ते कार्लने ऐकलं आणि घरी येऊन बटाट्याच्या कागदी पिशवीवर ओळी उतरवल्या. गाणं जोरात चाललेलं असताना, २२ मार्च १९५६ ला, टीव्हीच्या कार्यक्रमासाठी न्यूयॉर्कला जाताना डेलावेअर राज्यात कार्ल आणि त्याच्या बँडच्या गाडीला अपघात झाला. कार्ल जबर जखमी, त्याचा भाऊ ‘जे’ याची मान मोडली. ३ एप्रिलला एल्विस हेच गाणं टीव्हीवर गात होता. एल्विसचा यात काही दोष नाही. पण अंथरुणावर पडलेल्या माणसाचं काय होत असेल, हा विचार मला त्या खोलीतून बाहेर पडल्यावरही सोडेना.

– नॅशव्हिल

टोरोंटोत राहते. इथल्या व्हर्सिटी स्टेडियमवर १३ सप्टेंबर १९६९ ला बीटल्स बँडचा जॉन लेनन गिटारवादक एरिक क्लॅप्टनला घेऊन रंगमंचावर आला. आम्ही आधी कधी एकत्र वाजवलेलं नाही, म्हणून येतात तीच गाणी वाजवतो, असं त्याने सांगितलं आणि पहिलं घेतलं ते हेच. रेकॉर्डिंग खरबरीत आहे, पण मला तेच सगळ्यात प्रिय. त्यांना नवखेपणी सांभाळून घेणारं गाणं हवं होतं, ते कार्लने जवळजवळ चौदा वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेलं.

– टोरोंटो

वरचं वाचून काल मी कार्लचा १९८५ चा लंडनचा कार्यक्रम बघितला. मध्ये पन्नाशीतला कार्ल, बाजूला बीटल्सचे जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार, शिवाय क्लॅप्टन. हॅरिसन गिटार वाजवताना पुन्हा पुन्हा कार्लच्या बोटांकडे बघतो. तेवढाच तुकडा मी तीनदा मागे नेऊन पाहिला. बाबा जेवायला बोलवत होते, त्यांनाही बसवून दाखवला.

– नाशिक