मदत हवी आहे: एकाच पेशीत इन्सुलिन आणि ग्लुकागॉन दोन्ही दिसतंय, खरं मानू का?

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात एम.एस्सी. बायोइन्फर्मॅटिक्सच्या शेवटच्या सेमिस्टरला आहे. प्रोजेक्टसाठी मानवी स्वादुपिंडाचा टेनएक्सवर (एकेक पेशी एकेका थेंबात पकडून तिचा आरएनए मोजायचं तंत्र) केलेला एक सार्वजनिक सिंगल-सेल, म्हणजे पेशीनिहाय, डेटा घेतलाय. पेशींना नावं देताना बॅरन आणि सहकाऱ्यांच्या २०१६च्या पेपरमधले १४ प्रकार समोर ठेवले. अल्फा (ग्लुकागॉन बनवणाऱ्या), बीटा (इन्सुलिन बनवणाऱ्या), डेल्टा (सोमॅटोस्टॅटिन बनवणाऱ्या) सुट्या झाल्या, घ्रेलिन हार्मोनवाल्या मोजक्या एप्सिलॉन पेशीही सापडल्या.

अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. इन्सुलिनचं जनुक आयएनएस सगळ्याच क्लस्टरमध्ये (सारख्या पेशींच्या गटांत) थोडंथोडं दिसतं, अगदी पाचकरस करणाऱ्या असिनर पेशींतसुद्धा. फुटलेल्या बीटा पेशींचा आरएनए द्रावणात मिसळून प्रत्येक थेंबात शिरतो, हे वाचलंय. पण अल्फा आणि बीटाच्या मधोमध एक लहानसा पुंजका आहे, त्यात आयएनएस आणि ग्लुकागॉनचं जीसीजी दोन्ही भरपूर. गाइड म्हणतात, काढून टाक. मला ते घाईचं वाटतं. उंदरांतल्या जवळजवळ सगळ्या बीटा पेशी नष्ट केल्यावर काही अल्फा पेशी इन्सुलिन बनवू लागतात, हे २०१० साली दाखवलं गेलंय. माझ्या धाकट्या बहिणीला टाइप १ डायबेटीस आहे, त्यामुळे हा पुंजका नीट न तपासता फेकवत नाही.

असा सांडलेला आरएनए वजा करणारं सूपएक्स हे सॉफ्टवेअर वापरणार होते, पण त्याला रिकाम्या थेंबांचे आकडे लागतात आणि फाइलमध्ये गाळलेला मॅट्रिक्सच (रिकामे थेंब काढून उरलेला तक्ता) आहे. कोणी वाट दाखवेल का? आयसर किंवा एनसीसीएस या पुण्यातल्या संशोधन संस्थांमध्ये या विषयावर काम करणारं कोणी असेल तर पाषाणला किंवा विद्यापीठात येऊन भेटेन.

प्रतिसाद:
ताई, काढू नका, आधी तपासा. गाळलेल्या मॅट्रिक्सवर डिकॉन्टएक्स चालतं, तेही सांडलेला आरएनए वजा करतं. एका थेंबात दोन पेशी सापडल्याची शंका असेल तर अशा जोड्या ओळखणारं स्क्रब्लेट प्रत्येक नमुन्यावर वेगवेगळं चालवा, नमुने एकत्र करण्याआधी. मग त्या पुंजक्यातले यूएमआय (प्रत्येक पेशीत मोजलेल्या आरएनए रेणूंची संख्या) शेजारच्यांशी ताडून बघा.

सगळ्यात महत्त्वाचं, हार्मोनच्या जनुकांवर विसंबू नका, त्यांचा आरएनए इतका असतो की तोच सगळीकडे सांडतो. अल्फासाठी एआरएक्स आणि बीटासाठी एमएएफए ही ओळख पटवणारी जनुकं बघा. दोन्ही दिसली आणि यूएमआयही दुपटीच्या आसपास, तर बहुधा एका थेंबात दोन पेशी. नुसतं एआरएक्स आणि जोडीला किरकोळ आयएनएस, तर सांडलेलं. या जनुकांचे रीड (वाचलेले आरएनएचे तुकडे) कमी येतात, म्हणून एकेका पेशीवर निकाल देऊ नका, पुंजक्याची सरासरी घ्या.

धागाकर्ती:
खूप आभार! लगेच करून पाहिलं. बहुतेक पेशींचे यूएमआय दुपटीच्या जवळ आहेत आणि एआरएक्स, एमएएफए दोन्ही दिसतात, म्हणजे त्या गेल्या. पण एका दात्याच्या काही पेशींत यूएमआय नेहमीइतकेच, एआरएक्स आहे, एमएएफए नाही, आणि डिकॉन्टएक्सनंतरही आयएनएस बरंच उरतंय. एकाच दात्यात दिसतं म्हणून सोडून द्यावं, की दुसऱ्या डेटात शोधावं?