'शिकणं' की 'अध्ययन'?

सुईदोरा: एका शिवणवर्गाच्या माहितीपत्रकाचा अनुवाद करतेय. 'लर्निंग'ला मी सगळीकडे 'शिकणं' लिहिलं. तपासणाऱ्यांनी 'अध्ययन' केलं. 'टीप मारण्याचे अध्ययन' वाचून मला रडू आलं. वर्गातल्या बायका तर म्हणतात, 'आता हात बसला.' काय ठेवू?

पाटीपेन्सिल: 'अध्ययन'च. बालभारतीच्या पुस्तकांत 'अध्ययन निष्पत्ती' छापलेलं असतं. 'शिकणं' फार सैल आहे. 'ती दहावीपर्यंत शिकली' आणि 'ती काजं करायला शिकली', दोन्हीकडे तेच.

मूळशोध: सैल का? संस्कृत 'शिक्ष्' हे 'शक्'चं इच्छार्थक रूप, म्हणजे करू शकण्याची इच्छा. काजं करणारीला याहून नेमका शब्द कुठला? 'अध्ययन' मूळचं वेदपठणाचं.

बांधावरून: 'शिकस्त'ही त्यातलाच ना? आजोबा म्हणायचे, शिकण्याची हद्द ती शिकस्त.

मूळशोध: नाही. तो फारसी. अर्थ मोडणं, पराभव.

बांधावरून: असेल. पण मराठीत शिकस्त करणारा हरलेला नसतो. अर्थ इथल्या माणसांनीच बदलला.

ओसरी: मला व्याकरण जास्त बोलकं वाटतं. मी कविता वाचली, लिहिली, पाठ केली. पण 'मी कविता शिकली' असं पुरुष म्हणत नाही, 'शिकलो' म्हणतो. हिंदीत मात्र 'मैंने कविता सीखी'. आपल्याकडे कर्म असूनही क्रियापद कर्त्याला धरून राहतं. बोलणं, विसरणं, पिणं यांचंही तसंच. जे माणसाच्या आत जातं किंवा आतून निघतं, तिथे भाषा माणसाला सोडत नाही, असं मी मानते. आणि एकदा शिकून झालं की 'मला पोहता येतं'. तिथे 'मी' उरत नाही, पोहणं आपणहून येतं. हात बसणं ते हेच.

पाटीपेन्सिल: पिणं त्यात कसं? कितीतरी लोक 'मी चहा पिला' म्हणतात. ते अशुद्धच.

बांधावरून: अशुद्ध कसं? आमच्या अख्ख्या गावात 'पिला'च म्हणतात.

पाटीपेन्सिल: प्रमाण रूप 'प्यायलो'. लिहिताना तेच हवं.

बांधावरून: लिहिताना ठीक. पण 'पाणी पिला' म्हटलं म्हणून चौथीत मला तासभर बाकावर उभं केलं होतं. त्यानंतर वर्षभर मी वर्गात पाणीच मागितलं नाही.

सुईदोरा: आमच्याकडेही 'पिला'च. पत्रक उद्या द्यायचंय, कुणी सांगेल का?

ओसरी: 'पिला' कुठून कुठपर्यंत म्हणतात? नगरकडे ऐकलंय. मराठवाड्यातले कुणी आहेत का इथे?