मदत हवी आहे: न्यू जर्सीतला बेकारी भत्ता आणि इन्कम टॅक्स

नमस्कार मंडळी. आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारात राहतो. इथल्या निम्म्या घरांचं कुणी ना कुणी न्यू जर्सीत आहे, म्हणून इथेच विचारते.

जावईबापूंची नोकरी गेली. ग्रीन कार्ड आहे, बेकारी भत्ता सुरू झालाय. आमच्या ह्यांचं म्हणणं, इतकी वर्षं इन्कम टॅक्स कापला, त्याचेच पैसे परत येतायत, मग त्यावर पुन्हा टॅक्स कसला? मी वाचलं ते वेगळंच. हा पैसा इन्कम टॅक्समधला नाही. कंपन्या पगारांवर वेगळा कर भरतात, त्यातला आहे. बहुतेक राज्यांत नोकरदाराकडून काही घेत नाहीत, न्यू जर्सीत मात्र त्याच्याही पगारातून थोडं कापतात. आणि भत्त्यावर केंद्राचा टॅक्स लागतोच, तिथल्या राज्याचा लागत नाही. ‘10,200 डॉलर माफ’ ही सवलत 2020 च्या भत्त्यापुरती होती, तरी आमच्या फॅमिली ग्रुपवर अजून फिरतेय!

आता खरी अडचण. भत्त्यातून 10 टक्के आधीच कापून घेता येतात, ते जावईबापूंनी केलं नाही. मग दर तिमाहीला आगाऊ कर भरावा, की 1099-जी फॉर्म (वर्षभरात किती भत्ता मिळाला ते सांगणारा) आल्यावर एप्रिलमध्ये एकदम? मुलीची नोकरी चालू आहे. तिच्या पगारातून जास्त कापून घेतलं तर भागेल का?

शिवाय दिवाळीला पंधरा दिवस इकडे आले तर तेवढा भत्ता बुडतो का? तिकिटं काढायचीयत. ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी कृपया सांगा. आमचे सीए इथलंच जाणतात.