कॉलेजचा क्वार्टरबॅक ड्राफ्टआधी नक्की कशावरून जोखायचा?

गंगापूररोडकर
मंडळी, आमचा कॉलेज रोडचा छोटा ग्रुप आहे, दरवर्षी एनएफएल ड्राफ्टच्या आधी, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या टीम आळीपाळीने कॉलेजचे खेळाडू उचलतात त्याच्या आधी, प्रत्येकजण आपापली यादी लावतो, पहिला राऊंड आपल्याकडे शुक्रवारी पहाटे साडेपाचला सुरू होतो म्हणून आदल्या रात्री सगळे एकाच्याच घरी मुक्कामाला. बाकीच्या पोझिशनचं जमतं, कॉर्नरबॅक किती पळतो, टॅकलचे हात किती लांब, हे निदान डोळ्याला दिसतं. क्यूबी, म्हणजे पास फेकणारा क्वार्टरबॅक, आला की गाडी अडते. एकजण नुसते यार्ड आणि टचडाऊन मोजतो, दुसरा म्हणतो हातात दम पाहिजे, बाकीचं कोच शिकवतात. आणि पगारी स्काऊट ठेवूनही टीम चुकतातच, 2017 ला शिकागोने ट्रबिस्कीला दुसऱ्या नंबरवर उचललं आणि पुढे लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला महोम्स दहाव्या नंबरपर्यंत शिल्लक होता. मग आपण नाशिकमध्ये बसून यूट्यूबवर बघायचं तरी काय? कुणीतरी नीट सांगा, मला खरंच शिकायचंय.

सातपूरचा_सेफ्टी
भाऊ, आधी हायलाईट बघणं बंद कर. पूर्ण मॅच लाव आणि त्यातले थर्ड डाऊन, म्हणजे दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला तिसरा, तेच बघ, सात-आठ यार्ड हवे असतील तेवढेच. तिथे समोरच्यांना माहीत असतं की पास येणार, त्यामुळे क्यूबीवरचा रश (हल्ला) जोरात येतो आणि छोटा स्क्रीन पास टाकून सहसा भागत नाही.

स्नॅप झाला, म्हणजे बॉल क्यूबीच्या हातात आला, की बॉलच्या मागे जाऊ नको, क्यूबीच्या पायांकडे बघ. पहिला रिसीव्हर झाकलेला आहे असं दिसल्यावर तो काय करतो? तयारीचा असेल तर पाय थांबत नाहीत, पॉकेटमध्येच, म्हणजे आपल्या माणसांनी राखलेल्या जागेतच, अर्धं पाऊल सरकतो, खांदे पुढच्या रिसीव्हरकडे वळतात आणि नजर वरच राहते. कच्चा असेल तर नजर खाली येते, अंगावर येणाऱ्या माणसाकडे, बॉल छातीशी घेतो आणि पळत सुटतो. कॉलेजात तसं पळून दहा यार्ड मिळतात, वर एनएफएलला गेल्यावर तिथले लाईनबॅकर तेवढ्यात गाठतात.

सी. जे. स्ट्राऊडचं उदाहरण घे. ओहायो स्टेटला होता तेव्हा लोक म्हणायचे रिसीव्हर भारी, त्याला वाचवणारी लाईन भारी, याला कुणी हातच लावत नाही. मग 2022 च्या शेवटच्या दिवशी जॉर्जियाशी सेमीफायनल झाली, समोर तगडा डिफेन्स, आणि पॉकेट मोडल्यावर हा बाहेर सरकून, नजर वर ठेवून फेकत राहिला, चार टचडाऊन पास दिले, मॅच 42-41 ने गेली ती गेली. पुढे 2023 ला टेक्सन्सकडून खेळताना ऑफेन्सचा रुकी ऑफ द इयर, म्हणजे वर्षातला सर्वोत्तम नवखा, तोच झाला. अशी एक मॅच सगळ्या सीझनच्या बेरजेपेक्षा जास्त सांगून जाते.

आकडा बघायचाच असेल तर एकच बघ, दबाव आला त्यातल्या किती वेळा सॅक झाला, म्हणजे बॉल फेकण्याआधीच पाडला गेला. लोक सॅक झाला की लाईनला शिव्या देतात पण बॉल धरून उभा राहणारा क्यूबीच असतो ना. यार्ड आणि टचडाऊन सिस्टीमवर, समोरच्या टीमवर वरखाली होतात, आपल्या गोल्फ क्लब मैदानाच्या पाटा विकेटवर काढलेल्या रनांसारखे. बॉल धरून बसायची सवय मात्र पोरगा सोबत घेऊनच वर जातो.

देवळाली_डीपबॉल
पायांचं पटलं, पण हाताला इतकं खाली टाकू नका. जोश ॲलन वायोमिंगला होता तेव्हा 56 टक्के कम्प्लीशन, म्हणजे तेवढेच पास रिसीव्हरपर्यंत पोचायचे, भल्याभल्यांनी नको म्हटलं, 2018 ला बफेलोने सातव्या नंबरवर घेतला आणि 2020 ला तोच माणूस 69 टक्क्यांवर. वाऱ्यात साठ यार्ड फेकायची ताकद शिकवून येत नाही. पंजाच्या मापाला मात्र मी काही किंमत देत नाही, जो बरो या क्यूबीचा पंजा नऊ इंचच होता म्हणून केवढी चर्चा झाली, आणि तो सुपर बोलपर्यंत, म्हणजे फायनलपर्यंत, गेला.

पंचवटी_प्लेबुक
दादा, हाताचीच गोष्ट असेल तर 2007 चा जमार्कस रसेल आठवा, तेव्हा त्याच्याएवढा दमदार हात कुणाचा नव्हता, रेडर्सनी पहिला नंबर दिला आणि तीन सीझनमध्ये सोडून दिला. ॲलनही एकटा सुधारला नाही, बफेलोने धीर धरला, 2020 ला स्टेफॉन डिग्जसारखा रिसीव्हर आणून दिला. म्हणून माझं म्हणणं, पोरगा कुठे जातोय ते धरल्याशिवाय यादी लावूच नका. महोम्सला घ्यायला कॅन्ससने 27 वरून 10 वर उडी मारली आणि घेतल्यावर जवळजवळ पूर्ण वर्ष ॲलेक्स स्मिथच्या मागे बसवला, 2018 ला त्याचे 50 टचडाऊन पास आणि एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू. सॅम डार्नल्ड या क्यूबीला 2018 च्याच ड्राफ्टमध्ये जेट्सने तिसऱ्या नंबरवर घेऊन लगेच मैदानात ढकलला, पोरगा पार खचला. तोच 2024 ला मिनेसोटात चांगल्या कोचच्या हाताखाली, जेफरसन रिसीव्हर, आणि टीमने 14 मॅच जिंकल्या. अशा किती पोरांची वाट लागते याचं मला मनापासून वाईट वाटतं, एकविसाव्या वर्षी त्याच्या हातात असतंच काय.

गंगापूररोडकर
खूप कामाचं मिळालं, आजपासून थर्ड डाऊनच. अजून एक, कॉलेजात किती मॅच सुरुवातीपासून खेळला याला किती धरायचं? ट्रबिस्कीच्या फक्त 13 होत्या ना?

सातपूरचा_सेफ्टी
हो, 13. कमी मॅच म्हणजे धोका जास्त, कारण बघायलाच कमी मिळतं, वाईट दिवशी तो कसा सावरतो ते कळत नाही. पण कॅम न्यूटन ऑबर्नला एकच सीझन स्टार्टर होता आणि 2015 चा एमव्हीपी झाला, म्हणजे सरसकट नियम नाही. उलट बाजूने ब्रॉक पर्डी बघ, आयोवा स्टेटला चार सीझन खेळला, 2022 ला सगळ्यात शेवटी, 262 व्या नंबरवर गेला आणि सुपर बोल खेळला.

कोविडच्या 2020 च्या सीझनचं एक वर्ष जास्तीचं मिळाल्याने मधल्या काळात बरीच पोरं कॉलेज बदलून पाच-पाच वर्षं खेळली. बो निक्स ऑबर्न आणि ओरेगॉन मिळून 61 मॅच स्टार्टर होता, ड्राफ्टला येईपर्यंत चोवीसचा. चोवीसच्या पोराने एकोणीसच्या पोरांसमोर चांगलं दिसायलाच पाहिजे, म्हणून मॅचच्या आकड्याशेजारी वय लिहीत जा. आणि तशा पोराची शेवटच्या सीझनची नाही, दुसऱ्या-तिसऱ्या सीझनची मॅच आधी लाव, तेव्हा पाय कसे चालायचे ते बघ, मग आत्ताची लाव.