खड्डा ईक्यूने भरत नाही

एकाने खोलीत मोजलेला स्पीकरचा ग्राफ टाकलाय, त्यात ८५ हर्ट्झच्या सुराला आवाज एकदम पडतो. त्यावर '८५ हर्ट्झला खड्डा दिसतोय, तिथे ईक्यूने (म्हणजे इक्वलायझरने, जो प्रत्येक पट्ट्याचा आवाज वेगळा कमी-जास्त करतो) १० डीबी वाढवा' असा सल्ला आलाय. उंचवटा कापायला ईक्यू ठीक आहे, पण हा खड्डा तसा भरणार नाही. स्पीकरमागच्या भिंतीवरून परतलेली लाट थेट लाटेला उलटी येऊन भेटते, म्हणून तिथला आवाज मरतो. तुम्ही थेट आवाज वाढवला की परतणाराही तेवढाच वाढतो. खड्डा जवळपास तसाच राहतो आणि अ‍ॅम्प्लिफायर मात्र त्या पट्ट्यात दहापट पॉवर ओतत बसतो.

आधी टेप काढा आणि वूफरच्या (खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या) तोंडापासून मागच्या भिंतीपर्यंतचं अंतर मोजा. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४४ मीटर धरून त्याला त्या अंतराच्या चौपटीने भागा. १ मीटर असेल तर ८६ हर्ट्झ येतं, म्हणजे तुमचा खड्डाच! माझ्या छोट्या खोलीत नेमकं हेच होतं. दोन संध्याकाळी ईक्यूशी झटापट केली, मग वैतागून स्पीकर मागे सरकवले, अंतर ४० सेंटीमीटर. खड्डा २१५ च्या आसपास गेला, तिथे भिंतीवरचं चार इंची रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी लोकर) बऱ्यापैकी काम करतं. भिंतीजवळ गेल्यामुळे खालचा बास फुगला, तो मात्र ईक्यूने कापला. आणि हो, आरईडब्ल्यूमध्ये (खोलीतला आवाज मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये) स्वीप, म्हणजे खालून वर चढत जाणारा चाचणीचा सूर, घेताना माइक कानाच्या जागीच ठेवा, खुर्ची बाजूला काढून. माझ्या पहिल्या दहा ग्राफांत खुर्चीच्या पाठीवरून परतलेला आवाजही होता.